चाळीस दातांचं पातं

इरा, तू गॅरेजात सुतारकामाचं टेबल मांडलंस आणि दुकानात करवतीच्या पात्यांच्या भिंतीसमोर उभं राहून मला फोटो पाठवलास. खाली एक ओळ: "आजी, यातलं तुझं आवडतं कोणतं?" एका ओळीत उत्तर देता आलं असतं. दिलं नाही, कारण त्या फोटोतल्या चकचकीत वेष्टनांकडे पाहून माझं डोकं पुन्हा तापलं. इतकी वर्षं झाली, तरी तापतं. म्हणून हे दिवाळी अंकासाठी सविस्तर लिहिते आहे. तू वाच आणि तुझ्या भावालाही वाचायला दे. दिवाळी अंकाच्या इतर वाचकांनीही वाचलं तर हरकत नाही. त्यांतले काही जण पेणचे असतील आणि त्यांना माणसं ओळखू येतील. येऊ देत.

आधी धंदा समजावते. पेणच्या रामवाडीला आमच्या घरामागे पत्र्याची मोठी शेड होती. नव्वदीच्या दशकात त्या शेडमध्ये मी लाकडी पाट, चौरंग आणि देव्हारे करून घेत असे. तुमचे आजोबा रोह्याच्या कंपनीत शिफ्टला जात. मी लग्नाआधी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते आणि पेणमध्ये त्या इंग्रजीचं काय करावं हे कुणालाच, मलाही, ठाऊक नव्हतं. पेणला गणपतीचे कारखाने घरोघर. प्रत्येक मूर्तीखाली पाट लागतो, आणि तो डुगडुगला की मूर्तीला तडा जातो. कंपनीत परदेशी यंत्रं ज्या खोक्यांतून येत, त्या खोक्यांचं लाकूड आम्हाला मिळे. त्याचे पाट करायचे, एवढ्यावर सुरुवात झाली. आमच्या करवतीच्या यंत्राबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. तिथे माझी बी.ए. कामी आली.

टेबलाच्या मधोमध फटीतून गोल पातं वर आलेलं असतं आणि लाकूड त्याच्यावर ढकलायचं, असं आमचं यंत्र. सगळी मदार पात्यावर. लाकूड तंतूंच्या दिशेने चिरायचं असेल तर दात कमी आणि मोठे हवेत, मधली पोकळी खोल हवी, म्हणजे भुसा बाहेर पडतो आणि पातं तापत नाही. तंतू आडवे कापायचे तर दात जास्त आणि बारीक हवेत, नाहीतर कड फाटते. प्लायवूडमधला डिंक साध्या पोलादाची धार आठवड्यात खातो. त्याला दातांच्या टोकाशी कार्बाइडचे तुकडे डाख देऊन, म्हणजे धातू वितळवून, बसवलेलं पातं लागतं. कार्बाइड फार कठीण असतं. म्हणूनच तो डाख पक्का हवा. पातं मिनिटाला हजारो वेळा फिरतं. सुटलेला तुकडा कुठे जाईल ते कुणाच्या हातात नसतं.

माझ्याकडे तीन पाती होती: चिरायला चोवीस दातांचं, प्लायला ऐंशीचं, आणि दोन्ही कामं बऱ्यापैकी करणारं चाळीसचं. चाळीसचं माझं आवडतं. दर वेळी पातं बदलायला यंत्र थांबवावं लागत नसे. हे झालं तुझ्या प्रश्नाचं उत्तर. आता पुढचं वाच, कारण ते उत्तर पुरेसं नाही.

पाती निवडायची मी. हे कुणाला पटत नसे. पेणच्या बाजारात विचारलं की "साहेबांना पाठवा" म्हणत. साहेबांना, म्हणजे तुमच्या आजोबांना, चोवीस आणि ऐंशीतला फरक ठाऊक नव्हता, हे त्यांनी स्वतःच मोठ्या आनंदाने सांगितलं असतं. रोह्याला एक हार्डवेअरवाला शेठ होता, तो तेवढा मला खुर्ची देई, चहा मागवी आणि म्हणे, "वहिनी, तुमच्यासारखं इंग्रजी वेष्टन वाचून घेणारं गिऱ्हाईक सबंध जिल्ह्यात नाही." मला ते ऐकायला आवडे. हे लिहिताना मला स्वतःचा राग येतो, पण आवडे. मी वेष्टन वाचत असे, दात मोजत असे, मधल्या भोकाचं माप घेत असे, आणि समाधानाने एस.टी.त बसत असे.

यंत्रावर धर्मा होता. कासूच्या पलीकडे खाडीकाठच्या गावातला. वडील मिठागरावर राबलेले, हा लहानपणी होड्या दुरुस्त करणाऱ्यांच्या हाताखाली लाकूड शिकलेला. माझ्याकडे आठ वर्षं होता. खोक्यांच्या लाकडात खिळे असतात, आणि खिळ्यावर पातं गेलं की दात उडतो. धर्मा प्रत्येक फळीवरून लाउडस्पीकरमधून काढलेला चुंबक दोरीला बांधून फिरवी. चुंबक जरा जरी ओढला गेला की तिथे खडूची फुली. मग पक्कड. मग हाताने चाचपणी. मग परत चुंबक. मी कधी घाई केली की म्हणे, "बाई, तुमी हिशेबाला दोनदा बेरीज करताव ना? मंग मला पन करू द्या."

एके दिवशी तो विचारत आला. त्याच्या गावच्या बांधाला उघाडी होती. भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधात लाकडी झडप बसवतात, तिला उघाडी म्हणतात. तिच्या जुन्या फळ्यांपैकी तीन अजून चांगल्या होत्या, ऐनाच्या, दगडासारख्या. कडा कुजल्या होत्या तेवढ्या कापून पुन्हा बसवायच्या होत्या. "हातकरवतीनं दोन दिस जातील बाई. मशीनवर अर्धा तास. उधानाच्या आधी बसवाया पायजेल." माझा नियम होता की खारं लाकूड यंत्रावर चढवायचं नाही. खिळे खाऱ्या पाण्यात गंजून लाकडाच्याच रंगाचे होतात. पण गावाचं काम होतं. मी म्हटलं, "चढव. पण नीट पाहून."

तिसऱ्या फळीवर चाळीसच्या पात्याचा दात सुटला. धर्माच्या डाव्या डोळ्याखाली, हाडावर घुसला. बोटभर वर गेला असता तर डोळा गेला असता. जनी शेडमध्येच पाट घासत होती. डोंगराकडच्या वाडीवरची ती. पॉलिशकागदाचं सगळं काम तिचं. तिने लुगड्याचा पदर फाडून दाबून धरला आणि मला ओरडून रिक्षा बोलवायला लावली. डॉक्टरांनी तुकडा काढला, टाके घातले आणि तो तुकडा छोट्या बाटलीत घालून माझ्या हाती दिला. मी त्या बाटलीवर चिठ्ठी डकवली, तारीख लिहिली आणि कपाटाच्या खणात ठेवली. माझी शिस्त!

दुसऱ्या दिवशी मी पातं घेऊन रोह्याला गेले. शेठने ते दोन बोटांत धरलं, दिव्याकडे केलं आणि म्हणाला, "खिळा. सरळ खिळा कापलाय. कोणतं लाकूड होतं?"

मी सांगितलं.

"खाडीचं?" तो हसला. "वहिनी, खाडीचं लाकूड कुणी कार्बाइडवर घालतं का? ही माणसं अशीच. यंत्र दुसऱ्याचं, काम आपलं."

आणि मला ते पटलं. आठ वर्षं ज्याला पाहिलं त्याच्यापेक्षा चहा मागवणाऱ्याचं मला पटलं. धर्माच्या तोंडावर पट्टी असताना मी त्याच्या घरी गेले, औषधं दिली आणि सांगितलं की खिळा होता.

"नाय व्हता बाई," तो म्हणाला. "तिन्ही फळ्यांवरनं दोनदा चुंबक फिरवला. फळी बगा ना. ती हाय तिकडंच."

मी फळी पाहिली नाही. शेठने सांगितलंय, एवढंच म्हणाले. बरा झाल्यावर धर्मा कामावर आला नाही, आणि मी बोलावणं धाडलं नाही.

एवढ्यावर थांबले असते तरी बरं. पेणच्या लाकडाच्या वखारीत मी लाकूड घ्यायला गेले तेव्हा वखारवाल्या पाटलांनी विचारलं, "धर्माला काय झालं?" चार सुतार तिथे बसले होते. मी म्हटलं, "खाऱ्या फळीतला खिळा कापला. मी नको म्हटलं होतं." हे शेवटचं वाक्य खोटं होतं. ते माझ्या तोंडून इतक्या सहज गेलं की मला घरी आल्यावरही आठवलं नाही. पण त्यानंतर धर्माला पेणमध्ये यंत्रावर कुणी उभं केलं नाही. ज्याने खिळा न पाहता पातं चालवलं, त्याच्या हाती कोण यंत्र देणार? तो मिठागरावर टोपल्या उचलायला लागला, हे मला जनीने सांगितलं. मी म्हटलं, "त्याची मर्जी."

खंडेनवमीला आमच्या शेडमध्ये हत्यारांची पूजा असे. यंत्र बंद, पाती उतरवून, धुऊन, लाल कापडावर मांडायची आणि ज्याचं त्याने आपापल्या हत्याराला कुंकू लावायचं. त्या वर्षी पाती धुवायला धर्मा नव्हता. मी जनीला सांगितलं. दात सुटलेलं चाळीसचं पातंही मी काढलं. जनी म्हणाली, "मोडकं ठेवत नाय पूजेला." मी म्हटलं, "ठेव. इतके दिवस राबलं, एक दिवस त्याला बसू दे."

पात्यावर लाकडाची राळ चिकटते, म्हणून मी सोड्याच्या गरम पाण्यात पाती भिजत घातली. ते मी पुस्तकात वाचलेलं. जनीने मात्र तिच्या पद्धतीने, तांब्याचा गडू घासावा तशी, वर चिंच लावून पाती घासायला घेतली. थोड्या वेळाने तिने हाक मारली.

"बाई, ह्याचा रंग सुटला."

"सुटू दे."

"तसं नाय. हितं या. ह्या दाताखाली पिवळं हाय, त्याच्या शेजारी पांढरं, आनि ह्ये काळं. एकाच सोनारानं केलंय काय ह्ये?"

मी चष्मा लावला. चिंचेने आणि सोड्याने वरचा चंदेरी रंग पापुद्र्यासारखा निघाला होता. खाली पातं निळसर-काळं होतं, प्रत्येक दाताजवळ जाळाचा डाग. काही दात पितळी डाखाने बसवलेले, काही पांढऱ्या, आणि उंचीही सारखी नाही. मधल्या भोकाजवळ दुसऱ्याच कुणाची खूण कानशीने खरवडून काढलेली. नवं पातं असं नसतं. एकदा झिजून मेलेल्या पात्यावर कुणीतरी अर्ध्या ज्ञानाने नवे दात चिकटवले होते, रंग फासला होता आणि कोऱ्या वेष्टनात घालून मला विकलं होतं. मी त्याचे दात मोजले होते. दात चाळीसच होते. जोड पाहिले नव्हते.

मग मी खणातली बाटली काढली. खिळ्यावर आपटलेलं कार्बाइड फुटतं, त्याचे ठिकरे होतात आणि थोडं पात्यातच अडकून राहतं. बाटलीतला तुकडा अखंड होता. चारही कोपरे धारदार. पात्यातली त्याची खाच स्वच्छ, काजळीने काळी. तो कशावर आपटला नव्हता, तो नुसता गळून पडला होता. पुरावा माझ्या कपाटात होता, माझ्याच अक्षरातल्या चिठ्ठीसह, आणि मी तो एकदाही उजेडात धरला नव्हता.

जनी म्हणाली, "मंग धर्मा खरा बोलत व्हता."

"हो."

"मला ठावं व्हतं," ती म्हणाली आणि पुढचं पातं घासायला घेतलं. ऐंशीचंही तसंच निघालं.

दसरा सरल्यावर मी पाती गुंडाळून रोह्याला गेले. दुकानात गर्दी होती. शेठने खुर्ची पुढे केली. मी बसले नाही. पातं काउंटरवर ठेवलं.

"हे तुम्ही नवं म्हणून दिलंत."

"नवंच आहे वहिनी."

"मग हा जाळाचा डाग कसला? हे दोन रंगांचे डाख कसले? ही खरवडलेली खूण कुणाची?"

त्याने पातं पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही पातं धुतलंत?" तो म्हणाला. "पातं कोण धुतं?"

इरा, मी आयुष्यात पुष्कळ उत्तरं ऐकली, पण असं उत्तर ऐकलं नाही. चूक माझी, कारण मी धुतलं! मी बाटली काढली, तुकडा त्याच्या हातावर ठेवला आणि अखंड कोपरे दाखवले. खिळ्याचं काय होतं ते सांगितलं, डाखाचं काय होतं ते सांगितलं. मागे उभा असलेला एक सुतार पुढे वाकून पाहू लागला. शेठचा आवाज उतरला.

"आत या ना. तांत्रिक बाबी अशा चारचौघांत नको. साहेबांना घेऊन या, आम्ही दोघं बोलू."

"साहेबांनी घेतलं नव्हतं. मी घेतलं. माझ्या माणसाच्या डोळ्याखाली हे घुसलं. तुम्ही मला सांगितलंत खिळा."

"मी काय बनवतो का? माल जसा येतो तसा विकतो. सगळेच विकतात. नवीन घेऊन जा, दोन घेऊन जा."

"मला पातं नको. पेणला या आणि त्याच्यासमोर म्हणा की खिळा नव्हता."

तो हसला. खरोखर हसला. "एका मजुरासाठी मी पेणला येऊ?"

मागचा सुतार निघून गेला, बाकीचे आपापले खिळे-स्क्रू घेत राहिले. मी तक्रार लिहिली, चांगल्या इंग्रजीत, दोन ठिकाणी. एका ठिकाणाहून उत्तर आलं की बिलावर "नवीन" असा शब्द नाही. दुकान चालू राहिलं. पुढे त्याने मोठी पाटी लावली, दिव्यांची. आजही मी रोह्याला गेले तर त्या गल्लीतून जात नाही.

रोह्याहून परतताना मी कासूला उतरले आणि धर्माच्या गावी गेले. तो घरापुढे जाळ्याला गाठी मारत बसला होता. डोळ्याखालचा वण पांढरा झाला होता. त्याची बायको म्हणाली, "बसा बाई," आणि आत गेली. मी पातं उलगडलं, बाटली दाखवली, शेठचं सगळं सांगितलं. मी फार संतापून बोलत होते. शेठला काय काय म्हणाले, तो कसा हसला, सगळं. धर्माने ऐकून घेतलं. तुकडा तळहातावर घेऊन उलटासुलटा केला.

"चांगला कापलाय तुकडा," तो म्हणाला. "डाख वायट."

"धर्मा, त्या माणसाने तुझं नाव घालवलं."

"त्यानं?" त्याने गाठ ओढली. "तो शेठ मला वळखत पन नाय बाई. त्याच्या बोलन्यानं माझा काय जातंय? वखारीत त्यो आला व्हता काय सांगाया?"

मी पातं पुन्हा गुंडाळू लागले.

"तुमी नको म्हनालाव व्हताव, असा तिथं सांगितलाव. पाटील मला म्हनाले. तुमी नको म्हनालाव व्हताव?"

"नाही. मी चढव म्हणाले होते."

"व्हय."

आतून बायको चहा घेऊन आली. आम्ही तो प्यायलो. मी म्हटलं, "परत ये. नवीन पातं तू निवड. सोबत चल, पाहिजे तिथून आणू."

तो म्हणाला, "ते मागून. जिथं बोललाव तिथं बोला."

ते त्याने रागाने म्हटलं नाही. फळीवर फुली मारावी तसं म्हटलं. इथे आहे, इथून काढायचं.

दुसऱ्या सकाळी आम्ही वखारीत गेलो. तो माझ्या मागे चार पावलं. पाटील फळ्यांच्या थप्पीवर बसले होते, आणि नेमके तेच सुतार, एखाददुसरा कमीजास्त. मी शाळेत भाषणं केलेली बाई, पण हे बोलणं वाटेत दोनदा घोकून आणलं होतं. पातं लाकडाच्या ओंडक्यावर ठेवलं, बाटली शेजारी ठेवली आणि म्हटलं, "मी इथे सांगितलं होतं की धर्माने खिळा कापला. खिळा नव्हता. पातं जुनं होतं, रंगवलेलं. ते मी निवडलं होतं. आणि मी त्याला नको म्हटलं नव्हतं. चढव म्हटलं होतं."

एक म्हातारा सुतार उठला, पातं उचललं, नखाने डाख खरवडला आणि दुसऱ्याला दिलं. ते सगळ्यांच्या हातातून फिरलं. एकाने स्वतःच्या पिशवीतून वेष्टनासकट पातं काढलं, त्याच दुकानाचं. त्याने खिशातला चाकू काढून रंग खरवडायला सुरुवात केली आणि एक शिवी हासडली. ती शेठला होती की मला, मी विचारलं नाही.

पाटलांनी धर्माकडे पाहिलं. "मग येतोस काय रे? माझा मशीनवाला गावाला गेलाय. उद्यापासून ये."

मी धर्माकडे वळले. मला वाटलं, तो माझ्याकडे पाहील. माझ्याकडे आठ वर्षं होता.

"उद्या कशाला," तो पाटलांना म्हणाला. त्याने खिशातून दोरीला बांधलेला चुंबक काढला. यंत्राजवळ गेला, खटका बंद असल्याची खात्री केली, नट सैल करून पातं उतरवलं आणि दाराच्या उजेडात धरून एकेका दाताचा जोड पाहू लागला. बाकीचे त्याच्याभोवती गोळा झाले. मी माझं पातं गुंडाळलं. दोरीची गाठ दोनदा सुटली. म्हातारा सुतार म्हणाला, "द्या, मी बांधतो," आणि बांधून दिलं. यंत्र सुरू झाल्याचा आवाज मला रस्त्यावर ऐकू आला.